हेब्रोनची वेस आणि शंभुमहादेवाचा डोंगर

काही वर्षांपूर्वी, प्रायश्चित्तकाळातील एका संध्याकाळी, आम्ही माण तालुक्याच्या कडेला असलेल्या एका वाडीवर बायबलवाचनासाठी गेलो होतो. ख्रिस्ती घरे मोजून पाच. अंगणात घोंगडी अंथरलेली, भिंतीला टेकून म्हातारी माणसे, उंबऱ्याच्या आत बायका. वाचन होते शमुवेलच्या दुसऱ्या पुस्तकातील तिसऱ्या अध्यायाचे : सेनापती यवाब हा अबनेराला हेब्रोनच्या वेशीत बाजूला बोलावून घेतो, जणू काही गुजगोष्ट करायची आहे, आणि त्याच्या पोटात शस्त्र खुपसतो. वाचन संपले. रिवाजाप्रमाणे आम्ही क्षमेविषयी दोन शब्द बोलणार, इतक्यात एका वयोवृद्ध गृहस्थांनी विचारले, "फादर, यवाबाचं काय चुकलं? भाऊ मारला हुता त्येचा."

कोणी हसले नाही. त्या घरातील एक तरुण बांधाच्या भांडणात जिवाला मुकला होता हे आम्हांस ठाऊक होते, आणि प्रश्न यवाबाविषयी नाही हेही उमगत होते. गुरुविद्यालयात शमुवेलच्या पुस्तकांमागील परंपरा, त्यांचे संकलन, हिब्रू आणि ग्रीक पाठांतील फरक, हे सारे आम्ही शिकलो होतो. या प्रश्नाचे उत्तर त्या वह्यांत नव्हते. आम्ही प्रार्थना म्हणून उठलो. पुढील लिखाण हे त्या न दिलेल्या उत्तराचे ऋण आहे, असे वाचकांनी समजावे.

जुन्या करारातील मोठी माणसे आपल्या घरोघरी परिचित आहेत. मोशे, दावीद, एलीया यांची नावे आपण मुलांना देतो. परंतु त्या ग्रंथात दुसऱ्या-तिसऱ्या फळीची जी माणसे आहेत, म्हणजे शंभरांचे अधिकारी, पन्नासांचे नाईक, टोळ्यांचे सरदार, त्यांच्याकडे आपले लक्ष क्वचितच जाते. निर्गमाच्या अठराव्या अध्यायात मोशेचा सासरा इथ्रो त्याला सल्ला देतो की, एकट्याने सगळा भार वाहू नकोस, हजारांवर, शंभरांवर, पन्नासांवर व दहांवर माणसे नेम. ती व्यवस्था न्यायनिवाड्याची होती. पुढे इस्राएलच्या फौजेतही हेच आकडे दिसतात. आमच्या या मुलुखातील वाचकाला हा हिशेब परका वाटण्याचे कारण नाही. कृष्णाजी अनंत सभासद याने शिवाजीमहाराजांच्या घोडदळाची जी रचना सांगितली आहे तीत पंचवीस बारगिरांवर एक हवालदार, पाच हवालदारांवर जुमलेदार, दहा जुमल्यांवर हजारी, पाच हजाऱ्यांवर पंचहजारी आणि सर्वांवर सरनौबत अशी उतरंड आहे. हिब्रूत अधिकाऱ्याला 'सार' म्हणतात आणि सरनौबतातला 'सर' फारसी आहे. दोहोंचे नाते जोडण्याचा मोह आम्हांस एकदा झाला होता, पण ते केवळ कानाला वाटणारे साम्य आहे.

या नाइकांपैकी आमच्या विशेष आवडीचा एक आहे आणि त्याला नावच नाही. राजांच्या दुसऱ्या पुस्तकाच्या आरंभी राजा अहज्या हा एलीयाला धरून आणण्यासाठी पन्नास माणसांसह एक नाईक पाठवितो. नाईक हुकूम सोडतो. आकाशातून अग्नी उतरतो आणि तो पन्नासांसह भस्म होतो. दुसरा येतो, अधिक तोऱ्याने बोलतो, त्याचीही तीच गत. तिसरा मात्र वर चढतो, गुडघे टेकतो आणि आपल्या व आपल्या पन्नास माणसांच्या जिवाची भीक मागतो. राजाचा हुकूम त्याच्याही पदरी होता. पण त्याने आधी आपल्या मागे उभ्या असलेल्या माणसांची मोजदाद केली. ते एक्कावन्न जण त्या डोंगरावरून जिवंत परतले.

आता आपल्या भागाकडे वळू. सांगली जिल्ह्याच्या पूर्व टोकाला, जत तालुक्यात, कर्नाटकाच्या सीमेलगत उमराणी हे गाव आहे. एप्रिल १६७३ मध्ये सरनौबत प्रतापराव गुजर यांनी येथे विजापूरचा सरदार बहलोलखान याची फौज कोंडीत पकडली. जतचा उन्हाळा ज्यांनी काढला आहे त्यांना प्रतापरावांचा डाव सांगावा लागणार नाही : त्यांनी खानाची फौज आणि पाणी यांच्या मध्ये आपले घोडदळ आणून उभे केले. दिवसभर झुंज झाली. माणसे आणि जनावरे तहानेने कासावीस झाली आणि अखेर खानाने रदबदली केली, आम्ही तुमच्या वाटेस येणार नाही असे कळविले. प्रतापरावांनी वाट मोकळी करून दिली.

प्रतापराव हे खटाव तालुक्यातील भोसरे गावचे. पाण्याची किंमत त्यांना लहानपणापासून ठाऊक असणार. तहानेल्याला सोडून देणे त्यांना का सुचले, हे आम्हांस पुरोहित या नात्याने समजते. महाराजांना ते समजले नाही, किंवा समजूनही पटले नाही. राजाचे काम वेगळे असते. खान काही महिन्यांतच पुन्हा चालून आला आणि महाराजांचा संताप उसळला. सभासदाच्या बखरीत त्या निरोपाचा आशय आहे : खानाशी सलोखा कोणत्या निमित्ताने केला, असा जाब, आणि पुढे, फत्ते केल्याशिवाय तोंड दाखवू नये, असा हुकूम.

येथे बायबलच्या वाचकाला अहाब राजा आठवल्यावाचून राहत नाही. राजांच्या पहिल्या पुस्तकातील विसाव्या अध्यायात अरामाचा राजा बेन-हदाद अफेक येथे पराभूत होतो. त्याचे सेवक कमरेला गोणपाट आणि डोक्याला दोरखंड गुंडाळून अहाबापुढे येतात. आपल्याकडे दाती तृण धरून येणे म्हणतात, तसेच ते. अहाब विरघळतो, त्याला भाऊ म्हणतो, रथात बसवून घेतो आणि करार करून सोडून देतो. मग वाटेवर एक संदेष्टा डोळ्यांवर पट्टी बांधून उभा असतो. तो राजाला सुनावतो की, ज्याला तू सोडलेस त्याच्या जिवाची भरपाई तुला आपल्या जिवाने करावी लागेल. पुढे रामोथ-गिलादाच्या लढाईत कोणा शिपायाने सहज सोडलेला बाण चिलखताच्या सांध्यातून शिरतो आणि अहाब संध्याकाळपर्यंत रथात रक्त गाळीत मरतो.

हा अध्याय आम्हांस नेहमीच जड गेला आहे. शत्रूवर प्रीती करा असे ज्या वेदीवरून आम्ही सांगतो, त्याच वेदीवरून संदेष्ट्याची बाजू कशी मांडावी? एवढेच म्हणता येते की, अहाबाने दया केली ती स्वतःच्या तोलामोलाच्या माणसावर, आणि करारात त्याला दमास्कसमध्ये बाजारपेठा मिळणार होत्या. उमराणीत प्रतापरावांनी काही मिळविल्याची हकिकत नाही.

किंमत मात्र त्यांनी भरली. २४ फेब्रुवारी १६७४ रोजी, आज कोल्हापूर जिल्ह्यात असलेल्या नेसरीजवळ, दोन डोंगरांमधल्या चिंचोळ्या वाटेत त्यांनी केवळ सहा स्वारांनिशी बहलोलखानाच्या फौजेवर घोडा घातला. सातही पडले. कुसुमाग्रजांच्या कवितेमुळे हे सात जण मराठी माणसाच्या ओठांवर आहेत. इंग्रजांच्या त्या वर्षीच्या पत्रव्यवहारातही सहा स्वारांसह पडलेल्या या सेनापतीची वार्ता आहे. अहाब वेष पालटून लढाईत उतरला होता. प्रतापरावांनी तसे केले नाही, आणि आपले सगळे सैन्यही त्या खिंडीत नेले नाही. रागाच्या भरात केलेले हे अविचारी कृत्य होते असे लष्करी इतिहासकार म्हणतात आणि ते बरोबर असेल. तरीही आम्हांस पन्नासांचा तो तिसरा नाईक आठवतो. हुकूम तर पाळायचाच आहे, पण मागच्या माणसांचे काय, हा प्रश्न प्रतापरावांनीही आपल्या परीने सोडविला असेल का? मागे राहिलेल्या फौजेची सूत्रे आनंदराव यांनी हाती घेतली आणि महिन्याभरात त्याच शत्रूच्या मुलखात घुसून पराभवाचा वचपा काढला. पुढे सरनौबती कऱ्हाडजवळच्या तळबीडच्या हंबीरराव मोहित्यांकडे गेली. तेही १६८७ मध्ये वाईजवळच्या लढाईत कामी आले. एका जिल्ह्याने दोन सरनौबत दिले आणि दोघेही रणात ठेवले.

प्रतापरावांना पाठविलेल्या त्या निरोपाशेजारी दुसरे एक पत्र ठेवून पाहावेसे वाटते. दावीद राजाने उरीया हित्ती याच्याच हाती यवाबाला पत्र दिले : याला तुंबळ लढाईच्या तोंडी उभा करा आणि तुम्ही मागे सरा. उरीया हा कोणी मोठा सेनानी नव्हता. राजाच्या निवडक वीरांपैकी एक, परक्या वंशाचा, शिस्तीचा इतका पक्का की साथीदार उघड्यावर झोपले असता तो स्वतःच्या घरी झोपायला गेला नाही. आपले मरण आपल्याच कमरेला बांधून तो छावणीत परतला.

या दोन पत्रांना एका मापाने मोजणे हा अन्याय होईल. दाविदाचे पत्र पाप झाकण्यासाठी होते. महाराजांचा निरोप राज्याच्या रक्षणासाठी होता, आणि नेसरीचा शेवट त्यांच्या मनात नव्हता. बातमी कळल्यावर त्यांना मोठे दुःख झाले. राज्याभिषेक ६ जूनला होता, सरनौबत साडेतीन महिने आधीच गेलेला. मार्च १६८० मध्ये महाराजांनी आपले पुत्र राजाराम यांचा विवाह प्रतापरावांच्या कन्येशी, जानकीबाईंशी, लावून दिला आणि पुढच्याच महिन्यात त्यांनी देह ठेवला. दाविदाने उरीयाच्या मरणानंतर त्याची पत्नी घरात आणली. महाराजांनी प्रतापरावांच्या मरणानंतर त्यांची लेक सून म्हणून घरात आणली. याहून अधिक भाष्य आम्ही करीत नाही.

शमुवेलच्या दुसऱ्या पुस्तकाच्या तेविसाव्या अध्यायात दाविदाच्या वीरांची यादी आहे. तीत एक प्रसंग येतो. दावीद अदुल्लामच्या गुहेत, दिवस सुगीचे, बेथलेहेमात पलिष्ट्यांचे ठाणे. आपल्या गावच्या वेशीजवळच्या विहिरीचे पाणी कोणी आणून देईल तर, असे दाविदाच्या तोंडून सहज निघून जाते. तिघे जण शत्रूची फळी फोडून जातात आणि पाणी आणतात. दावीद ते पीत नाही. हे पाणी नव्हे, हे माणसांचे रक्त आहे, अशा भावनेने तो ते परमेश्वरापुढे ओततो. त्या तिघांची नावे दिलेली नाहीत. नेसरीच्या सहा स्वारांची नावे आज फलकांवर लिहिलेली दिसतात खरी, परंतु ती परंपरेने आलेली आहेत. बाकी यादी मात्र नावांनी खच्चून भरलेली आहे. बापाचे नाव, गावाचे नाव. शेवटचे नाव उरीया हित्ती, आणि मग एकंदर सदतीस अशी बेरीज. ज्या राजाच्या गौरवाची ही यादी, त्याच्या गुन्ह्याचा साक्षीदार तिच्या अगदी तळाशी उभा आहे. दुसरी गोष्ट अशी की, यवाबाचे दोन भाऊ, अबीशय आणि असाएल, त्या यादीत आहेत. यवाबाची शस्त्रे वाहणारा नहराय आहे. पण वीर म्हणून खुद्द यवाब, जो आयुष्यभर सेनापती होता, तो नाही.

का नाही, हे सांगण्यासाठी त्या वाडीवरील प्रश्नाकडे परत जावे लागते.

शौलाच्या मरणानंतर त्याचा सेनापती अबनेर एका बाजूला आणि दाविदाचा यवाब दुसऱ्या बाजूला अशी यादवी चालू होती. गिबोनाच्या तळ्याकाठी झालेल्या झुंजीत यवाबाचा धाकटा भाऊ असाएल, जो हरणासारखा चपळ होता, पळणाऱ्या अबनेराच्या पाठीस लागला. अबनेराने त्याला दोनदा विनविले की, मागे फिर, तुला मारून तुझ्या भावाला मी तोंड कसे दाखवू? असाएल ऐकेना. अबनेराने भाल्याचे मागचे टोक त्याच्या पोटात खुपसले. पुढे हाच अबनेर दाविदाशी समेट करून निघाला असता यवाबाने त्याला सिरा विहिरीपासून परत बोलाविले आणि वेशीत मारले. सगळे राज्य एक होण्याच्या बेतात होते, ते घडीभर डगमगले.

आमच्याकडचा प्रसंग याहून वेगळा नाही. संताजी घोरपडे यांचे नाव घेतले की औरंगजेबाच्या छावणीत शिरून तंबूचे सोनेरी कळस कापून आणल्याची कथा सांगितली जाते. दावीद आणि अबीशय झोपलेल्या शौलाच्या उशाचा भाला आणि पाण्याची सुरई उचलून आणतात, तिची ती सख्खी बहीण शोभेल. मोगलांचे नामांकित सरदार ज्यांच्या नावाने धसकत, ते संताजी १६९१ मध्ये सेनापती झाले. १६९५ च्या अखेरीस दोड्डेरी येथे त्यांनी कासिमखानाला बुडविले आणि पुढच्याच जानेवारीत हिंमतखान त्यांच्याशी लढताना मारला गेला. परंतु शिस्त कठोर, बोलणे तिखट. राजाराममहाराजांशी बिनसले, धनाजी जाधवांशी वैर पडले आणि १६९६ मध्ये दोन मराठी फौजा कर्नाटकात एकमेकींवर तुटून पडल्या. त्या लढाईत धनाजींच्या बाजूचे अमृतराव निंबाळकर संताजींच्या हाती सापडले. संताजींनी त्यांना हत्तीच्या पायी दिले. अबनेराने निदान दोनदा विनविले होते.

अमृतरावांची बहीण म्हसवडच्या नागोजी माने यांच्या घरी दिलेली होती. पुढे संताजींची फौज फुटली, सोबतीला थोडकी माणसे उरली आणि ते शंभुमहादेवाच्या डोंगरांत आले. जून १६९७ मध्ये, ओढ्यावर स्नान करीत असता, नागोजींनी त्यांना गाठून मारले. भावाच्या रक्तासाठी बहिणीने नवऱ्याच्या मागे लकडा लावला होता असे सांगतात. खाफीखानाची हकिकत अशी की, कापलेले शिर नागोजींनी घोड्याच्या तोबऱ्यात घातले होते, ते वाटेत पडले, फिरोजजंगाच्या माणसांना सापडले आणि अखेर औरंगजेबापुढे गेले. बादशहाला जे पंचवीस हजारांची फौज पाठवून साधले नसते ते एका घरच्या सुतकाने साधून दिले.

बायबलमध्येही एक शिर असेच रात्रभर प्रवास करते. ईश-बोशेथ हा शौलाचा पुत्र, नावापुरता राजा. त्याच्याच टोळ्यांचे दोन सरदार, बेरोथकर रिम्मोनाचे मुलगे बाना आणि रेखाब, भर दुपारी तो वामकुक्षी घेत असता घरात शिरतात, त्याला मारतात आणि शिर घेऊन हेब्रोनला दाविदापुढे येतात : आपल्या शत्रूचा हा मुलगा. त्यांना इनामाची अपेक्षा असते. दावीद त्या दोघांना ठार करवितो आणि त्यांचे देह हेब्रोनच्या तळ्याकाठी टांगतो. ईश-बोशेथाचे शिर मात्र अबनेराच्या कबरीत सन्मानाने पुरवितो. अबनेराच्या तिरडीमागूनही तो स्वतः चालत गेला होता, मोठ्याने रडला होता, संध्याकाळपर्यंत त्याने अन्नाचा घास घेतला नव्हता. मग सगळ्या लोकांना कळले की या खुनात राजाचा हात नाही.

फरक येथे आहे. ते शिर आणि ते प्रेत ज्या राजापुढे आले त्याने ते आपले मानले. संताजींचे शिर ज्याच्यापुढे गेले तो शत्रू होता. आपला राजा दूर जिंजीला वेढ्यात होता. योगायोग असा की, सभासदाने आपली बखर त्याच सुमारास जिंजीत राजाराममहाराजांसाठी लिहून पुरी केली. थोरल्या महाराजांच्या काळातील प्रतापरावांची ओळ लिहिताना त्याच्या कानावर म्हसवडची वार्ता आली होती की नव्हती, हे कोण सांगणार? संताजींच्या समाधीविषयी माण तालुक्यातील कारखेलकर एक जागा दाखवितात आणि कृष्णाकाठचे कुरुंदवाडकर दुसरी. दोन्ही ठिकाणी लोक फुले वाहतात.

यवाबाचे काय चुकले, याचे शास्त्रातील उत्तर दाविदाच्या अखेरच्या शब्दांत आहे. मरताना तो शलमोनाला सांगतो की, यवाबाने युद्धात सांडायचे रक्त शांततेच्या काळात सांडले. असाएल रणात पडला होता. अबनेर वेशीत, समेटाचे बोलणे झाल्यावर पडला. यवाबाने आपल्या भावाचे मरण रणातून उचलून गावात आणले. त्यालाही पुढे वेदीची शिंगे धरलेली असताना बनायाने मारले, आणि रक्ताची ती ओळ काही तेथे थांबली असे दिसत नाही.

हे सारे जुळवून आम्ही पुन्हा त्या वाडीवर गेलो. या वेळी त्या गृहस्थांच्या शेजारचे घोंगडे रिकामे नव्हते. भाऊबंदांपैकी एक जण येऊन बसला होता, अंतर राखून. आम्ही नागोजी आणि यवाब दोघांचीही हकिकत सांगितली. ते ऐकून घेत होते. म्हसवडचा बाजार त्यांचा नेहमीचा, त्यामुळे मान्यांचे नाव निघताच त्यांनी मान हलविली, पण बोलले नाहीत. मग आम्ही रिस्पेची गोष्ट काढली. ही शौलाची उपस्त्री. अबनेर आणि ईश-बोशेथ यांच्यात फूट पडली ती हिच्याच नावावरून. पुढे तीन वर्षे दुष्काळ पडला आणि शौलाच्या जुन्या रक्तदोषाची भरपाई म्हणून त्याच्या घरातील सात जण गिबोनकरांच्या हवाली करण्यात आले. त्यांत रिस्पेचे दोन मुलगे होते. त्यांना डोंगरावर टांगले. रिस्पेने खडकावर गोणपाट पसरले आणि जवाच्या कापणीच्या आरंभापासून पाऊस पडेपर्यंत ती तेथून हलली नाही. दिवसा पाखरे, रात्री श्वापदे, कोणालाही तिने त्या देहांना शिवू दिले नाही. तिने कोणाचा सूड मागितला नाही. दाविदाच्या कानी हे गेले तेव्हा त्याने शौल आणि योनाथान यांच्या अस्थी आणविल्या, त्या सातांच्याही गोळा केल्या आणि शौलाच्या वडिलांच्या कबरीत मूठमाती दिली.

त्या देशी जव चैत्राच्या आगेमागे कापतात आणि पहिला पाऊस आश्विन-कार्तिकात येतो. गृहस्थांनी बोटांवर महिने मोजले. तेवढ्यात उंबऱ्याच्या आतून, जी बाई इतक्या वर्षांत वाचनाला कधी एक शब्द बोलली नव्हती, तिचा आवाज आला : "तिला पाणी कोण आणून देत हुतं, फादर?"

शास्त्रात ते लिहिलेले नाही, असे आम्ही सांगितले.